कॉकटेल शेकरचे झाकण कधी उघडत नाही, कधी गळते. तातडीने मदत हवी आहे

टिळकवाडीकर
शनिवारी सायंकाळी घरी पाहुणे येणार आहेत आणि स्टीलचा शेकर ऐन वेळी दगा देतो, म्हणून घाईने विचारत आहे. हलवून झाल्यावर त्याचे झाकण इतके गच्च बसते की दोघांनी दोन्हीकडून धरून पिळले तरी सुटत नाही. कधी नेमके उलट होते, म्हणजे हलवतानाच कडेतून पेय बाहेर येते आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते. शेकर नवा आहे, पडलेला किंवा चेपलेला नाही. दुसरा कोणता घ्यावा हे कृपया सुचवू नये. हाच नीट कसा चालेल ते सांगावे.

निपाणीचा रहिवासी
शेकर दोन भागांचा आहे की तीन, हे आपण लिहिलेलेच नाही. भांडे, गाळणीचे झाकण आणि वरचे छोटे टोपण असा तीन भागांचा असेल, तर माझ्या मते तो कपाटात शोभेसाठी ठेवावा. आपण नको म्हटले असले तरी सांगतो की बॉस्टन शेकरला पर्याय नाही. त्यात 28 आणि 18 औंसांची, म्हणजे सुमारे 830 आणि 530 मिलिलिटरची, स्टीलची दोन भांडी एकमेकांत जराशी तिरकी बसवून वरून एक थाप मारायची, आणि उघडताना दोहोंमधली फट जिथे सुरू होते तिथे बाजूने तळहाताच्या मुळाने ठोका द्यायचा. मी वर्षानुवर्षे हेच वापरत आलो आहे.

खानापूरची माहेरवाशीण
तीन भागांच्या शेकरला इतकी नावे ठेवण्याचे कारण नाही. ब्रुकलिनच्या एडवर्ड हॉक याने 1884 साली त्याचे पेटंट घेतले, ते गाळणी अंगचीच असावी याच सोयीसाठी. बॉस्टनला गाळणी वेगळी घ्यावी लागते, आणि सांधा नीट बसला नाही तर नवशिक्याचे पेय भिंतीवर जाते. टिळकवाडीकर, आपण शेकरमध्ये नेमके काय घालता, किती भरता आणि गळते ते कोणत्या पेयाच्या वेळी, एवढे सांगितले तर काही बोलता येईल.

टिळकवाडीकर
तीन भागांचाच आहे. व्हिस्की, लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि बर्फ हे नेहमीचे. काहींना हलके लागते, त्यांच्यासाठी रम, लिंबू, पुदिना आणि सोडा. माणसे जास्त असली की काठोकाठ भरतो. पेयाचा आणि झाकणाचा संबंध काय, हे मला कळलेले नाही.

उद्यमबागेतील लेथवाला
सगळा संबंध तिथेच आहे. आपल्याला दोन दोष दिसत आहेत, पण दोहोंचे मूळ झाकणाखाली कोंडलेली हवा हेच आहे. बर्फ आणि दारू एकत्र हलवली की आतले तापमान शून्याखाली जाते. समजा 28 अंशांची हवा उणे 3 अंशांवर आली, तर तिचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो, आणि 9 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर बाहेरची हवा साडेसहा किलोच्या आसपास जोर लावून बसते. शिवाय धातू आकसतो तो वेगळाच. 304 प्रतीचे स्टील 30 अंशांनी थंड झाले, तर तेवढ्या व्यासात सुमारे 45 मायक्रॉनांचा फरक पडतो. हा आकडा ऐकायला नगण्य वाटतो, पण तेवढ्यावरच आम्ही बेअरिंग तापवून शाफ्टवर घट्ट बसवतो. बर्फाला टेकलेले भांडे आधी आकसते आणि आत गेलेल्या झाकणाच्या कडेला आवळून धरते.

म्हणून गाळणीचे झाकण बसवताना वरचे टोपण काढून ठेवावे, म्हणजे दाबताना जादा हवा निघून जाईल. टोपण शेवटी लावावे. हलवून झाल्यावर आधी टोपणच काढावे, हवा आत गेली की अर्धी पकड सुटते. तरीही अडले तर कोमट पाण्यात पिळलेले फडके फक्त सांध्याभोवती, भांड्याच्या बाहेरच्या कडेवर काही सेकंद धरावे. ओट्यावर आपटू नये. कडेची गोलाई एकदा गेली की झाकण कायमचे गळते.

आता गळण्याविषयी. सोडा हलवला की त्यातला वायू सुटतो आणि झाकण आतून उचलू लागतो. सोडा शेकरमध्ये कधीच घालू नये, पेय पेल्यात गाळल्यावर वरून ओतावा. भांडेही दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, कारण जागा नसली तर बर्फ हलत नाही आणि पेय नीट थंड होत नाही.

निपाणीचा रहिवासी
कोमट पाण्याने आतला बर्फ वितळून पेय पातळ होईल, याचा विचार केलेला दिसत नाही. बॉस्टनमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही.

उद्यमबागेतील लेथवाला
पाणी ओतायचे नाही, फडके धरायचे आहे. तेवढ्या वेळात उष्णता फार तर कडेपर्यंत पोहोचते. आणि बॉस्टनची भांडीसुद्धा याच कारणाने अडकतात, म्हणून तर आपल्याला बाजूने ठोका द्यावा लागतो.

घाटापलीकडचा
पाहुण्यांना व्हिस्की कशाला द्यावी? चोर्ला घाट उतरला की गोवा. 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालेली काजूची फेणी, आमसुलाचे आगळ, थोडे मीठ आणि भरपूर बर्फ, याच्या तोडीचे काही नाही.

खानापूरची माहेरवाशीण
पेय उत्तम आहे, पण विचारलेले ते नाही. तरी शेकरपुरते एक सांगते की आगळाचा रंग आणि फेणीचा वास गाळणीच्या भोकांत राहतो, त्यामुळे शेकर लगेच धुवावा आणि तिन्ही भाग सुटे करून पालथे वाळवावेत. ओले झाकण लावून ठेवलेला शेकर दुसऱ्या दिवशी कुबट होतो.

टिळकवाडीकर
सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. टोपण काढताच हवा आत शिरल्याचा बारीक आवाज आला आणि झाकण एका हाताने सुटले. फडक्याची गरज पडली नाही. सोडा पेल्यात घातला, तेव्हा कडेची गळतीही थांबली. फक्त टोपण बसते त्या मानेपाशी अजून एखादा थेंब येतो. त्याला रबराची रिंग घालावी का?

उद्यमबागेतील लेथवाला
रिंग नको, तिच्याखाली घाण साचते. मानेवर साखरेच्या पाकाचा थर धरला असण्याचा संभव जास्त आहे. गरम पाण्यात अर्धा तास बुडवून जुन्या दातब्रशने मान बाहेरून आणि टोपण आतून घासावे, तारेची घासणी वापरू नये. त्यानंतरही थेंब आला तर शनिवारच्या आधी शेकर घेऊन या, डायल लावून मानेची गोलाई पाहू.