मदत हवी आहे: लेखीत सगळ्या पास, डमीवर छाती उठेना

प्रसूतीकक्ष: परवा नवजात पुनरुज्जीवनाचं, म्हणजे जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देण्याचं, रिफ्रेशर आहे. लेखी परीक्षेत सगळ्या सिस्टर पास, पण बाळाच्या डमीवर अर्ध्याजणींना हवा भरून छाती उठवता येत नाही. मास्क लावून हवा द्यायची बॅग दाबून हात भरून येतात. शिकवायचं काय? लवकर सांगा.

घड्याळ_बघा: बॅग केवढी? मास्क कितीचा? दाबताना लिबलिबीत लागते की घट्ट? लिबलिबीत म्हणजे मास्कच्या कडेने हवा निसटतेय. घट्ट लागून व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) फुसफुसत असेल तर श्वासाची वाटच बंद आहे.

डोस_पाठ: अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे ठोके वाढवायचं औषध, आधी पक्कं करा. नाळेच्या शिरेतून किलोमागे ०.०१ ते ०.०३ मिग्रॅ.

घड्याळ_बघा: विचारलंय काय, सांगताय काय! छाती उठेपर्यंत त्या सिरिंजला हात लावायचं कारण नाही. बहुतेक बाळांचे ठोके फुफ्फुसात हवा गेली की वर येतात.

जुनी_पाळी: मेकोनियम (बाळाने पोटातच केलेली शी) असेल तर आधी सक्शन, म्हणजे नळीने ओढून घेणं, मग बॅग. आम्ही हेच शिकलो.

नळी_नको: २०१५ साली ते बदललं. बाळ सुस्त असलं तरी सरसकट नळी घालून ओढायचं नाही. तोंडात काही अडकलेलं दिसलं तरच, तेही आधी तोंड, मग नाक. पहिलं मिनिट सक्शनमध्ये घालवलं की श्वास द्यायला उशीर झालाच.

जुनी_पाळी: पुस्तकात ठीक आहे.

प्रसूतीकक्ष: भांडण नंतर. बॅग ५०० मिलीची, डमी पूर्ण दिवसांची, मास्क हाताला येईल तो. घट्ट लागते. मानेखाली रोल ठेवतोच.

घड्याळ_बघा: तिथेच घोळ आहे. रोल मानेखाली नाही, खांद्यांखाली, जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचा. मानेखाली घातला की डोकं मागे लोंबतं आणि श्वासमार्ग दुमडतो. चेहरा छताकडे, वास घेताना होते तशी मान. बोटं जबड्याच्या हाडावर. हनुवटीखालच्या मऊ भागावर दाबली तर जीभ मागे जाते. तोंड किंचित उघडं ठेवा. 'दाबा, दोन, तीन' म्हणत मिनिटाला ४० ते ६०. घाईत ८० होतात आणि हवा बाहेर यायला वेळच मिळत नाही.

प्रसूतीकक्ष: रोल सरकवला, छाती उठली. पण दोघींची अजून नाही. आता बॅग लिबलिबीत.

नळी_नको: त्यांच्या हातात ० नंबर असेल. या डमीला १ घ्या, ० ने नाक-तोंड नीट झाकलं जात नाही. तरीही तसंच असेल तर मास्क तळहातावर घट्ट धरून बॅग दाबा. हाताला दाब लागला नाही तर बॅगेतच बिघाड, धुतल्यावर व्हॉल्व्ह उलटा बसवलाय का ते बघा.

डोस_पाठ: आणि कंप्रेशन ३:१, म्हणजे तीनदा छाती दाबून एक श्वास, हेही घ्या.

प्रसूतीकक्ष: व्हॉल्व्ह उघडते आहे, थांबा.