रुळांमध्ये बसून काढलेला फोटो: दाद द्यावी का?

सांधेवाला
आमच्या रेल्वेवेड्यांच्या गटात परवा एक फोटो आला. दोन रुळांच्या बरोबर मधोमध बसून टिपलेलं, समोरून येणारं इंजिन, दिवे लागलेले. तासाभरात बदामांचा पाऊस. मी विचारलं, "गाडी किती लांब होती?" उत्तर आलं, "काका, भरपूर लांब. वेळ होता."

हा 'वेळ' मोजून पाहा. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. ३०० मीटरवर असेल तर तुमच्या हातात ११ सेकंद. त्यात फोकस, क्लिक, 'अजून एक' म्हणून दुसरं क्लिक, मग गुडघ्यावरून उठून खडीतून बाहेर पडणं. शिवाय एवढी मोठी वस्तू समोरून येताना तिचा वेग डोळ्यांना कळत नाही. बराच वेळ ती जागच्या जागी वाटते आणि मग एकदम अंगावर येते. वाइड लेन्स असेल तर आणखी वाईट, कारण व्ह्यूफाइंडरमध्ये गाडी आहे त्याहून दूर दिसते.

चालकाच्या हाती भोंगा आणि ब्रेक, बस. भरधाव गाडीला थांबायला किलोमीटरभर अंतर सहज लागतं. म्हणून माझं मत: असे फोटो गटात घेऊच नयेत, कितीही देखणे असले तरी.

रीळ३६
पूर्ण असहमत. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. मी फिल्मच्या काळापासून गाड्या टिपतोय. वेळापत्रक, सिग्नल, कुठली गाडी कुठल्या रुळावरून येणार, हे पाहिल्याशिवाय पाऊल टाकत नाही. सेल्फीवाला पोरगा आणि मी एकाच मापात?

पूर्वी ब्रिटिश रेल्वे छायाचित्रकारांना रुळांलगत उभं राहायचे परवाने देत असे. तिथल्या काही वारसा रेल्वे (जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या) आजही देतात: आधी प्रशिक्षण, अंगात चमकदार जाकीट. म्हणजे रुळांशेजारी उभं राहणं हे मुळात पाप नाही. बहुतेक ठिकाणी विचारायलाही कुणी नसतं, म्हणून लोक कुंपण ओलांडतात. आणि आज नामशेष झालेल्या कितीतरी इंजिनांच्या नि केबिनींच्या आठवणी उरल्यात त्या 'नको तिथे' गेलेल्या माणसांमुळेच, हेही विसरू नका.

मागचा डबा
नाकारा खुशाल. तोच फोटो दुसरीकडे टाकेल, तिथे दहापट बदाम.

निळा दिवा
रीळ३६, परवान्याचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. परवाना म्हणजे तुम्ही तिथे आहात हे रेल्वेला ठाऊक असणं. कुंपण ओलांडणारा कितीही जाणकार असो, तो तिथे आहे हे कुणालाच माहीत नसतं. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंकने १९५५ ते १९६० या काळात वाफेच्या इंजिनांचे रात्रीचे फोटो काढले. ढिगानं फ्लॅशबल्ब, तारांची जंजाळं, आणि सगळं नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या सहकार्याने. रेल्वे छायाचित्रणात त्याहून सरस काम दाखवा. चोरून नव्हतं ते.

आणि जाणकारीचं म्हणाल तर २०१४ सालची जॉर्जिया राज्यातली घटना पाहा. चित्रपटाचं व्यावसायिक पथक नदीवरच्या रेल्वेपुलावर चित्रीकरण करत होतं. रेल्वे कंपनीने परवानगी नाकारलेली होती. गाडी आली, पळायला जागा नव्हती, कॅमेरा विभागातली एक तरुण सहायक गेली. दिग्दर्शकाला तुरुंगवास झाला. नवशिकी माणसं नव्हती ती.

रीळ३६
पुलावर पलंग मांडून चित्रीकरण चाललं होतं तिथे! त्याची तुलना एकट्या, सावध माणसाशी? मी रुळांमध्ये नसतो, बाजूला असतो.

निळा दिवा
२०२४ मध्ये मेक्सिकोत वाफेच्या इंजिनाच्या दौऱ्यात एक स्त्री सेल्फी घेताना गेली. तीही बाजूलाच होती. इंजिन रुळांपेक्षा बरंच रुंद असतं, दोन्हीकडे पाऊण मीटर बाहेर धरा. 'बाजूला' म्हणजे नेमकं कुठे, हे खाली पाहत असताना कळत नाही. दुहेरी मार्गावर तर एका गाडीच्या आवाजात दुसरी ऐकूच येत नाही. विजेची तार असेल तर ट्रायपॉड, सेल्फीस्टिक उंचावताना आणखी एक भीती: २५,००० व्होल्ट स्पर्शाची वाट पाहत नाहीत, जवळ गेलात तरी झेप घेतात.

२०१६ मध्ये ब्रिटनचं प्रसिद्ध वाफेचं इंजिन 'फ्लाइंग स्कॉट्समन' घेऊन गाडी लंडनहून यॉर्कला निघाली तेव्हा लोक रुळांवर आल्यामुळे तिला वाटेत थांबावं लागलं. लाडक्या इंजिनाला त्याचेच चाहते आडवे आले.

खडी
माझा धाकटा भाऊ गाडी चालवतो. तुमच्या चर्चेत तो फक्त भोंगा वाजवणारा माणूस आहे, म्हणून लिहिते. समोर रुळांमध्ये बसलेला माणूस छायाचित्रकार आहे हे त्याला कसं कळणार? त्याच्या लेखी तो जीव द्यायला आलेला असतो. एकदा असाच एक माणूस शेवटच्या क्षणी उठून बाजूला झाला. गाडी पुढे जाऊन थांबली. भाऊ खाली उतरून मागे चालत आला तेव्हा तो माणूस कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो तपासत होता. हसून हात केला म्हणे. त्या रात्री भाऊ जेवला नाही, आणि अजूनही त्या वळणाशी आला की भोंग्यावरचा हात काढत नाही.

रीळ३६
हे वाचून थोडा वेळ गेला. बंद पडलेल्या मार्गांबाबत माझं म्हणणं तेच आहे. चालू मार्गाबाबत वाद थांबवतो. पण सांधेवाला, नियम राबवणार कसा? सगळे 'फाटकातून काढला' म्हणून सांगतील.

सांधेवाला
फोटोच सांगतो. दोन्ही रूळ चौकटीच्या मधोमध सारखेच जवळ येत गेले असतील तर कॅमेरा त्यांच्या मध्येच होता. त्यात खालच्या कडेला रस्त्याचा डांबरी पट्टा नसून स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) आणि खडी दिसली, तर फाटक कुठलं?

मागचा डबा
काका, तुमच्या प्रोफाइलचा फोटो बघा जरा.

सांधेवाला
बघितला. २००९ चा आहे. खाली स्लीपर आहेत. काढतो.