जुन्या गाडीचं ऑइल गळतंय, त्यात प्रेशरचा दिवाही लुकलुकतोय. काय करू?

किल्ली_हरवली: पेट्रोल गाडी, सव्वादोन लाख किमी झालेली. उभी केली की खाली ऑइलचे डाग. थंड असताना ठीक, पण तापल्यावर सिग्नलला थांबलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, रेस दिली की विझतो. मेकॅनिक म्हणतो इंजिन उतरवू. तेवढं बजेट नाही. ऑइल, फिल्टर, फार तर एखादं पॅकिंग, एवढ्यात बसेल असं सुचवा.

नटबोल्ट: हाफ इंजिन करून टाका, म्हणजे इंजिन खोलून झिजलेले भाग बदलून घ्या. मी केलं, तेव्हापासून एक थेंब नाही. मेन बेअरिंग झिजली की गरम, पातळ झालेलं ऑइल प्रेशर धरत नाही. आज ना उद्या करायचंच आहे.

चौथा_गिअर: अहो, बजेट नाही म्हणतायत ना ते! २०डब्ल्यू-५०, म्हणजे जाड ऑइल घाला, दिवा बंद. माझी कधीपासून अशीच पळतेय.

पाना_पकड: दिवा विझला म्हणजे दुखणं गेलं असं नाही. आधी दोन तक्रारी वेगळ्या करा. बाहेर गळल्यानं सहसा प्रेशर पडत नाही. पातळी इतकी उतरली की पंप हवा ओढायला लागतो, तेव्हा पडतं. म्हणून पहिल्यांदा ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी (डिपस्टिक) बघा.
पातळी बरोबर असेल तर प्रेशर स्विच काढून त्याच जागी मेकॅनिकल गेज (प्रेशर मोजायचा काटा) लावा आणि इंजिन पूर्ण तापवून आयडलिंगला वाचा. बरेचसे स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली दिवा लावतात. गेज त्याहून बरंच जास्त दाखवत असेल तर स्विच किंवा वायर खराब. खरंच कमी असेल तर पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, बेअरिंग, नाहीतर चेंबरमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातली) जाळी तुंबलेली. बऱ्याच गाड्यांत चेंबर इंजिन न उतरवताच निघतो.

आबा_निवृत्त: आमच्या गाड्यांना प्रेशरचा काटा असायचा. आता नुसता दिवा. तो लागेपर्यंत इंजिनाचं वाटोळं झालेलं असतं.

नटबोल्ट: अवांतर: आबा, काही गाड्यांत तो काटाही नावालाच. स्विच चालू झाला की मधोमध जाऊन बसतो.

आबा_निवृत्त: आमचा नाही बसायचा.

रिंगमास्तरीण: फिल्टर नुकताच बदलला होता का? दिरांच्या गाडीत जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि गॅरेजवाल्यानं वरून नवा फिल्टर आवळला. भर रस्त्यात सगळं ऑइल बाहेर. वर तोच म्हणाला, गाडी जुनी आहे!

काळा_धूर: इंजिनातली वाफ बाहेर काढणारा ब्रीदरचा पाइप आणि त्यावरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह कुणीच का सांगत नाही? तो तुंबला की आत दाब साचतो आणि कुठल्याही सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. सील बदला, पुन्हा गळणार.

पाना_पकड: +१. आणि गळती शोधायची तर इंजिन आधी धुऊन घ्या, थोडं चालवा, मग वरून खाली बघत या. सगळ्यात उंच ओली जागा, तिथेच मूळ. ऑइल ओघळत आणि वाऱ्यानं मागे जातं. मागून टपकलं की लोक थेट मागच्या सीलवर येतात, असतं मात्र टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग. प्रेशर स्विचही गळतो. कनेक्टर काढून आत ऑइल आहे का बघा.

चौथा_गिअर: मी तेच म्हणतोय. जाड ऑइल.

किल्ली_हरवली: सगळ्यांचे आभार. पट्टीवर पातळी खालच्या खुणेच्या जराशी वर होती. कनेक्टरमध्ये ऑइल सापडलं, स्विच मागवलाय. गेज काही मिळालं नाही. तोवर २०डब्ल्यू-५० घातलं, दिवा बंद आहे. इंजिन धुवायचं राहू द्या, खाली पुठ्ठा टाकलाय.

पाना_पकड: पातळी कमी होती, ती भरल्यानंच दिवा विझला असेल! आता कसं कळणार? स्विच बदलाल तेव्हा तरी गेज लावून घ्या.

चौथा_गिअर: 😎

नटबोल्ट: हाफ इंजिनाला आणाल तेव्हा कळवा.

नवा_सदस्य: माझी डिझेल आहे, तिलाही २०डब्ल्यू-५० चालेल का?