बाळंतपणात बाळाला इजा झाली, तर डॉक्टरची चूक सिद्ध होईपर्यंत आईबापांनी थांबायचं का?

शेवंती

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा होऊन हालचालींवर ताबा न राहिलेली मुलं रोज बघते. पहिल्याच भेटीत आईबाप विचारतात, "डॉक्टरांची चूक होती का हो?" याचं उत्तर माझ्यापाशी नसतं. पण पुढचे सगळे पैसे त्या उत्तरावर अडून बसतात, हे मला पटत नाही.

चेन्नईचा खटला बघा. १९९६ साली एग्मोरच्या सरकारी रुग्णालयात २९व्या आठवड्यात मुलगी जन्मली, वजन १२५० ग्रॅम. इतक्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा वेळेत तपासावा लागतो. कोणी तपासला नाही, आईबापांना सांगितलंही नाही. दृष्टी गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने पाच लाख दिले, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते सुमारे १ कोटी ८० लाखांवर नेले. निकाल आपल्या नागपूरच्या न्या. शरद बोबडे यांनी लिहिलाय, त्यात महागाई धरून पुढचा खर्च मोजलाय. निकाल उत्तमच. पण मुलगी तोवर अठरा वर्षांची झाली होती! मेंदूला इजा झालेल्या मुलाला थेरपीचा सगळ्यात जास्त उपयोग पहिल्या काही वर्षांत होतो. तेव्हा हातात काय असतं? तारीख.

जपानमध्ये २००९ पासून वेगळी व्यवस्था आहे. निकषांत बसणाऱ्या सेरेब्रल पाल्सीच्या बाळाला, चूक कोणाची हे न विचारता ३ कोटी येन मिळतात. ६० लाख सुरुवातीला, मग वर्षाला १२ लाख, वीस वर्षं. आपल्याकडे असा निधी का नको?

काळाकोट

कारण चूक करणाऱ्याला ती फुकटात पडेल, म्हणून नको.

औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली एका बाईचं बाळंतपण झालं, पाठोपाठ नसबंदी झाली आणि पोटात टॉवेल राहिला. बाई गेली. नवऱ्याला खालच्या कोर्टाने ३६ हजार दिले, हायकोर्टाने काढून घेतले, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये परत दिले. तेहेतीस वर्षं लागली हे लाजिरवाणं आहे, कबूल. पण नोकरांच्या हलगर्जीला सरकार जबाबदार आहे हे त्या निकालाने ठणकावून सांगितलं. निधीतून चेक गेला असता, तर त्या टॉवेलबद्दल कोणी ब्रही काढला नसता.

शिवाय रस्ता आता तितका खडतर राहिलेला नाही. २०१९च्या ग्राहक कायद्यात किती भरपाई मागता यावर नाही, तर रुग्णालयाला किती पैसे मोजलेत यावर कुठे जायचं ते ठरतं. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि दावा आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात.

टाका_डॉक्टर

तालुक्याच्या गावी बाळंतपणं करतो, म्हणून बोलतो.

पहिली गोष्ट, सेरेब्रल पाल्सी म्हणजे कळांच्या वेळची चूक, हे समीकरणच चुकीचं आहे. पुढारलेल्या देशांतल्या अभ्यासांत प्रसूतीवेळी प्राणवायू कमी पडल्याने झालेल्या केसेस साधारण दहातली एक निघतात. बाकीची कारणं गर्भातली, अपुऱ्या दिवसांची, जंतुसंसर्गाची. पोटातल्या बाळाचे ठोके पट्टीवर सतत नोंदवणारं यंत्र आलं, सिझर वाढली, सेरेब्रल पाल्सी मात्र कमी झाली नाही.

दुसरी गोष्ट. दाव्याची टांगती तलवार असली की ठोके जरा खाली गेले रे गेले, की सिझर. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत खासगी रुग्णालयांतली ४७ टक्के बाळंतपणं सिझरची होती. सगळी पैशासाठी नसतात. काही भीतीपोटी असतात. २०२२ मध्ये राजस्थानात लालसोटला बाळंतिणीला रक्तस्राव होऊन ती गेली. पोलिसांनी डॉक्टर बाईंवर थेट खुनाचं कलम लावलं आणि बाईंनी आत्महत्या केली. तेव्हा जबाबदारीच्या गोष्टी जरा जपून.

काळाकोट

लालसोटला जे झालं ते बेकायदाच होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून फौजदारी गुन्ह्याला ढोबळ, अक्षम्य हलगर्जी लागते, आणि आधी दुसऱ्या निष्पक्ष डॉक्टरचं मत. मी भरपाईबद्दल बोलतोय, बेडीबद्दल नाही. दोन्हीची भेळ तुम्ही लोक सोयीने करता.

आणि डॉक्टरसाहेब, कळांचा तक्ता, म्हणजे बाळंतपणातली वेळोवेळची नोंद, भरता का? माझ्याकडे येतात त्यातले निम्मे कोरे असतात. उरलेले एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले दिसतात.

टाका_डॉक्टर

रात्री एक नर्स आणि तीन बायका टेबलवर असल्या की आधी बाळ बघतात, मग तक्ता. या, एक रात्र बसा.

कोरडा_चहा

मी त्या आईबापांतली. मुलगा सात वर्षांचा आहे. जन्मल्यावर रडला नाही, काचेच्या पेटीत होता, "बरा होईल" म्हणाले. बसायला लागेना, मान धरेना, तेव्हा सेरेब्रल पाल्सी हे नाव कळलं. तोवर दीड वर्ष गेलं होतं. दावा लावायची मुदत दोन वर्षं. त्या काळात झटके, औषधं, पायाचे स्प्लिंट, आणि माझी नोकरी सुटली. वकील कोण शोधणार? उशीर माफ करून घेता येतो म्हणतात, पण तो अर्ज करायलाही वकीलच लागतो.

कागद मागितले. मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत असा डॉक्टरांच्या परिषदेचा २००२चा नियम आहे, हे मला फार उशिरा कळलं. तीन वर्षं जपून ठेवायचं बंधनही त्यातच. मला "फाइल सापडत नाही" एवढंच ऐकवलं.

म्हणून शेवंतीताई, निधी द्या. नक्की घेईन. पण चेक हातात ठेवून "आता विचारू नका" म्हणणार असाल, तर नको.

वेलिंग्टनकर

न्यूझीलंडमधून. इथे १९७४ पासून असाच सरकारी निधी आहे. त्याच्या बदल्यात भरपाईसाठी कोर्टात जायचा हक्क जवळपास संपतो. आणि 'चूक नको' याचा अर्थ 'पुरावा नको' असा होत नाही. इजा उपचारामुळे झाली की मुळातच होती, हे दाखवावंच लागतं, आणि बाळाच्या बाबतीत तिथेच घोडं अडतं. बाळंतपणात आईला होणाऱ्या ठरावीक इजासुद्धा थेट यादीत आल्या त्या २०२२च्या ऑक्टोबरमध्ये! स्वर्ग वगैरे समजू नका.

शेवंती

स्वर्ग म्हटलंच नव्हतं. पण काळाकोट, मोफत सरकारी रुग्णालयातल्या बाईचं काय? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या शांता निकालानुसार जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट, तिथे ग्राहक कायदा लागत नाही. तुमचा जिल्हा आयोग तिच्या कामाचा नाही. तिला दिवाणी कोर्ट, म्हणजे तुमचीच तेहेतीस वर्षं. आत्ता तिच्या मुलाला मिळतं काय, तर 'निरामय'चा वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

कोरडा_चहा, तुमचा मुद्दा जपानने धरलाय. पैसे दिल्यावर तिथे अशा प्रत्येक बाळंतपणाची कारणमीमांसा होते, अहवाल घरच्यांनाही मिळतो आणि रुग्णालयालाही. नावं गाळून सारांश छापतात. आणि कोर्टाचं दारही बंद होत नाही. कोर्टात भरपाई मिळाली तर दोन्ही रकमांचा मेळ घालतात.

टाका_डॉक्टर

नावं गाळणार असतील तर प्रत्येक बाळंतपणामागे निधीत पैसे भरायला मी तयार आहे. पण तोच अहवाल उद्या काळाकोट पुरावा म्हणून लावणार असतील, तर त्यात कोणी खरं सांगणार नाही. मीही नाही.

काळाकोट

लावणारच. न लावता येणारा अहवाल घेऊन माझ्या अशिलाने काय करायचं?

कोरडा_चहा

वाचायचा. मला आधी वाचायचाय. कोर्टाचं तुम्ही दोघं नंतर ठरवा.