फेरीची शेवटची फेरी : ‘ट्रिप’ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादिका, पणजी
दिवाडी बेटावरच्या एका मंडळाचं माहितीपत्रक इंग्रजीतून मराठीत करतेय आणि ‘ट्रिप’वर अडलेय. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताला, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या उत्सवाला, फेरीबोटीच्या ट्रिपा वाढवणार, असा मजकूर आहे. मी लिहिलं, ‘फेस्ताच्या फेरीसाठी फेरीच्या जादा फेऱ्या’. मंडळातल्या एका काकांनी कागद परत पाठवला. म्हणाले, एका ओळीत तीन फेऱ्या आणि तिन्हींचा अर्थ वेगळा, पुण्याहून आलेल्या माणसाने यातून काय समजायचं? सहल, सफर, प्रवास इथे बसत नाहीत. ‘खेप’ चालेल का?

निवृत्त मास्तर, फोंडा
काकांचं बरोबर आहे. या तीन शब्दांचं एकमेकांशी नातं नाही. आपली फेरी ‘फिरणे’मधून आली, फेरा, फेरफटका, फेरीवाला, प्रभातफेरी ही सगळी तिची भावंडं. बोटीची फेरी इंग्रजी, तिच्या मुळाशी वाहून नेण्याचा अर्थ आहे. फेस्ताची फेरी म्हणजे जत्रेतला बाजार, ती पोर्तुगीज ‘फैरा’वरून आली. पोर्तुगीजांच्या वारांच्या नावांत, ‘सेगुंद-फैरा’मध्ये, हाच शब्द आहे. देवनागरीत ‘फ’ एकच, म्हणून तिन्ही एका रांगेत येऊन बसल्या. ‘ट्रिप’ मात्र मराठीत मुळीच नको. फेरी, खेप, वारी, चक्कर, पाळी एवढं असताना उसनवारी कशाला?

डिचोलीचा ट्रकवाला
मास्तर, आदर ठेवून सांगतो, आमच्या पट्ट्यात ट्रिपला दुसरा शब्दच नाही. खाणीवरून धक्क्यावर माल टाकला की एक ट्रिप. संध्याकाळी घरी पहिला प्रश्न, ‘आज कितल्यो ट्रिपी जाल्यो?’ बँकेचा हप्ता, मुलांची फी, सगळं ट्रिपांवर मोजलेलं. २०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हा लोक ‘ट्रिपी बंद जाल्यो’ म्हणायचे, ‘खेपा थांबल्या’ असं कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. इतकी वर्षं ज्या शब्दाने घर चाललं तो परका कसा?

सत्तरीकर
ट्रकवाले, शब्द तुमचाच आहे, पण खेप मेलेली नाही. आमच्याकडे विहिरीवरून पाणी आणायचं ते खेपांनीच. आई मोजायची, सकाळच्या चार खेपा, गुरांसाठी आणखी दोन. आणि त्यात एक बारकावा आहे. भरलेली कळशी घेऊन आलं ती खेप. रिकाम्या हाताने गेलं-आलं तर ती खेप नाही, नुसता हेलपाटा. म्हणून ट्रकला खेप शोभते, माणसं नेणाऱ्या बोटीला नाही.

निवृत्त मास्तर, फोंडा
ओझ्याची अट मला पटत नाही. ‘या खेपेला तरी ये’ म्हणतो तेव्हा कुठलं ओझं असतं? खेपचा अर्थ ‘वेळ’, ‘पाळी’ इथवर कधीच पसरला आहे. संस्कृत ‘क्षेप’वरून आलेला शब्द आहे, टाकण्याचा अर्थ मुळात होता, तो आता उरला नाही.

बेतीची
माझी अडचण वेगळीच आहे. फेरी म्हणजे जाऊन येणं की नुसतं जाणं? ५ जुलै १९८६ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी कॉलेजात होते. बेतीच्या धक्क्यावर ही रांग! पावसात छत्र्या एकमेकांत अडकलेल्या, मासळीच्या पाट्या मधूनच पुढे सरकवल्या जायच्या, आणि जो तो विचारायचा, ‘किती ट्रिपांनी आपला नंबर?’ तिथे ट्रिप म्हणजे बोट पणजीला जाऊन परत इथे लागणं. पण ‘शेवटची ट्रिप’ म्हटलं की फक्त इकडून तिकडे. पत्रकात ‘शेवटची फेरी’ लिहिलं तर ती जुन्या गोव्याहून सुटणारी की दिवाडीहून? रात्री फेस्ताहून परतणाऱ्या माणसाला हेच कळायला हवं. शब्द कुठलाही घ्या, कुठल्या काठावरून ते आधी लिहा.

अनुवादिका, पणजी
हे फार महत्त्वाचं आहे, लगेच घालते. पण बोट आणि ट्रिप या दोन्हींना फेरी म्हणायचं का? पत्रक उद्या छापायला जातंय.

शिवोलीकर
बोटीलाच फेरी म्हणू नका! आपला शब्द ‘तार’ आहे. पलीकडे चोपड्याला जाणाऱ्या बोटीच्या धक्क्याला आमच्याकडे तारच म्हणतात, आज पूल झाला तरी जागेचं नाव तेच राहिलं. नाव वल्हवणारा तो तारी, गोव्यात तारी आडनावाची माणसं किती आहेत बघा. म्हापशाच्या नदीचं नाव तार. एवढं घरचं असताना बोटीसाठी इंग्रजी शब्द मला बोचतो. माझी आजी बोटीला ‘गासोलीन’ म्हणायची, तेही मला फेरीपेक्षा बरं वाटतं, निदान पेट्रोलवरच्या इंजिनाची आठवण तरी त्यात आहे.

डिचोलीचा ट्रकवाला
गासोलीन पोर्तुगीज, फेरी इंग्रजी. एक चालतं, दुसरं बोचतं, हे कसं?

शिवोलीकर
कारण पहिला शब्द आमच्या माणसांनी वाकवून आपला केला. फेरी सरकारी पाटीवरून आली.

रायबंदरची मास्तरीण
पाटीवरून आलेले शब्दही रुजतात. माझ्या वर्गातली चोडण बेटावरची मुलं उशिरा आली की म्हणतात, ‘बाई, फेरी चुकली.’ आता तिथे रो-रो, म्हणजे गाड्या थेट आत चढवता-उतरवता येणारी बोट, आली, तर मुलं ‘रोरो चुकली’ म्हणायला लागली. त्यांना ‘तार चुकली’ म्हणा सांगितलं तर टेलिग्रामही माहीत नाही त्यांना.

सत्तरीकर
‘तार’ हा शब्द दोरखंडावरून तर नसेल ना? लहान नद्यांवर काठाकाठाला तार ताणून होडी ओढायचे, तसं मी पाहिलंय.

निवृत्त मास्तर, फोंडा
नाही. ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे, पार होणे. तारू, तारक, उतार सगळे त्यातले. धातूची तार वेगळी. मोल्सवर्थचा १८५७चा कोश हाताशी असेल त्याने ‘तर’ आणि ‘तरी’ काढून पाहावं.

सावंतवाडीहून
मास्तरांना दुजोरा. आमच्या कोकणात ती ‘तर’, आकार नाही. ‘तरीवर थांब, मी येतो’ असं अजून म्हणतात. तेरेखोल नदीच्या अलीकडे तर आणि पलीकडे तार, एवढाच फरक. केरीचं कुणी असेल तर सांगा, तुमच्याकडे दोन्हींपैकी काय म्हणतात?