मदत हवी आहे: १०.०० आर २० च्या जोडीला २९५/९० आर २० चालतं का?

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातून लिहितोय. आमची सहाचाकी गाडी लातूरच्या मार्केट यार्डातून सोयाबीन भरून सोलापूरला जाते. भाऊ चालवतो, हिशेब अन् टायर माझ्याकडे. परवा आमच्या तालुक्यातल्या उजनीच्या अलीकडे मागच्या डाव्या जोडीतलं बाहेरलं टायर फुटलं. मडगार्डच्या चिंध्या झाल्या, भावाने गाडी कशीबशी साईडला घेतली. तेव्हापासून घरी आईचा डोळ्याला डोळा नाही.

फुटलेल्या टायरवर १०.०० आर २०, १६ पीआर, १४६/१४३ के असं आहे. १० म्हणजे इंचातली रुंदी, २० म्हणजे डिस्कचा (टायर बसतं त्या लोखंडी चाकाचा) व्यास, आर म्हणजे रेडियल (नायलॉनला तिथे नुसती रेघ असते), इथवर कळतं. दुकानदार म्हणतो, "तो साईज शिल्लक नाही, २९५/९० आर २० न्या, एकच आहे." एक आणलंय, अजून चढवलं नाही. खरंच एकच आहे का? आतलं टायर जुनंच, अर्धं झिजलेलं आहे. सोमवारी भाडं आहे, जाणकारांनी कृपया सांगावं.

मोसंबीवाला, जालना:
चढवलं नाही ते बरं केलंत. २९५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे रुंदीच्या ९० टक्के उंची, साधारण २६५ मिमी. वरची-खालची उंची अन् २० इंची डिस्क मिळून व्यास १०४० मिमीच्या आसपास येतो. १०.०० आर २० नवं असताना याहून थोडं उंच असतं. म्हणजे जवळचा साईज आहे, पण एकच नाही.

टायरफिटर_नांदेड:
दादा, नावापेक्षा टेप महत्त्वाचा. दोन्ही टायरांत सारखी हवा भरा, गाडी जॅकवर घ्या अन् मधल्या गोटीवरून (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या मधून) घेर मोजा. जोडीत पाऊण इंचाहून जास्त फरक मी ठेवत नाही. उंच टायर सगळा भार घेतं अन् तापतं, बुटकं घासत फरफटत जातं. रोज बघतो मी हे. अगदी एकाच साईजचं नवं अन् झिजलेलं जोडलं तरी हेच होतं.

दुसरं, १४६/१४३ कडे नीट बघा. १४६ म्हणजे एकटं टायर ३००० किलो पेलतं, १४३ म्हणजे जोडीत असताना २७२५ किलो. मागे चार टायर, म्हणजे १०,९०० किलो. २०१८ साली सरकारने चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. तुमच्या आरसीवर मागच्या एक्सलला ११.५ टन असेल तर जोडीचा आकडा १४६ तरी हवा, त्याने १२,००० किलो होतात. नव्या टायरवर तिरक्या रेघेनंतरचा आकडा कोणता आहे? आणि ते तुमच्या डिस्कच्या रुंदीला चालतं का, तेही कंपनीच्या तक्त्यात बघून घ्या.

मी (औसा):
आत्ताच मोजून आलो. नव्याचा घेर साडेअठ्ठावीस वर शंभर, म्हणजे १२८.५ इंच. आतल्या जुन्याचा १२७. दीड इंचाचा फरक! नव्यावर १४९/१४६ आहे. आमच्या आरसीवर मागच्या एक्सलला १०.२ टन आहे, त्यामुळे वजनाची काळजी मिटली.

टायरफिटर_नांदेड:
दीड इंच फार झाला. डिस्कचं जमत असेल तर तसंच अजून एक नवं घ्या, दोन्ही डावीकडे जोडीने टाका. जुन्याचा घेर उजवीकडल्याशी जुळला तर तिथे, नाहीतर स्टेपनीला. घेताना दोन्हींवरची तारीख बघा, ३४२४ असेल तर २०२४ चा चौतिसावा आठवडा. अन् फुटलेल्याची डिस्क वाकली नाही ना, तेही तपासा.

मी (औसा):
डिस्कची कड एका जागी दबलीय, आता उजेडात दिसली. ती बदलतोच. सोमवारचं भाडं पुढे ढकललंय, भावाला तसा फोन केला.