ग्रेडियंट ४० च्या खाली, म्हणून व्हॉल्व्ह ‘मॉडरेट’? मला पटत नाही

साखळीकर
मावशी ७८ वर्षांची. उंची १४८, वजन ४५. कुळागरात (सुपारीच्या बागेत) उतरून वर येताना हल्ली मध्येच बसावं लागतं, इतका दम लागतो. हृदयातून रक्त बाहेर सोडणारा एऑर्टिक व्हॉल्व्ह आवळलाय. इकोचा रिपोर्ट: व्हॉल्व्हच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.७६ चौ. सेंमी, मीन ग्रेडियंट (व्हॉल्व्हच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला सरासरी फरक) २४, रक्ताचा वेग सेकंदाला ३.१ मीटर, ईएफ (दर ठोक्याला पोकळीतलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते) ६२ टक्के. व्हॉल्व्हखालचा व्यास १८ मिमी, तिथला व्हीटीआय (एका ठोक्यात रक्त किती अंतर पुढे सरकतं ते) १८ सेंमी.

क्षेत्रफळ १ च्या खाली म्हणजे गंभीर. ग्रेडियंट ४० च्या आणि वेग ४ च्या खाली म्हणजे मध्यम. एकाच कागदावर दोन निकाल! डॉक्टरांनी ‘मॉडरेट’ लिहून सहा महिन्यांनी बोलावलंय. पाटाला पाणीच कमी सोडलं तर तोंड कितीही अरुंद असो, जोर दिसणार नाही, ग्रेडियंटचंही तसंच. माझं म्हणणं, आकडे भांडत असतील तर वाईट आकडा खरा धरावा.

फोंड्याचा फिजिशियन
धरा, पण तो आला कसा ते आधी बघा. क्षेत्रफळ इकोत थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात, आणि त्या हिशेबात व्हॉल्व्हखालच्या व्यासाचा वर्ग होतो. १८ मिमीला ०.७६ आलं; तोच व्यास २० असता तर ०.९४. दोन मिलिमीटर म्हणजे पडद्यावर कर्सर जरासा सरकला. शिवाय व्हॉल्व्हखालचा तो मार्ग गोल नसतो, लंबगोल असतो, म्हणून इकोत बहुधा कमीच भरतो. आणखी एक, १ चौ. सेंमी आणि ४० ग्रेडियंट या दोन सीमा मुळात एकमेकींशी जुळत नाहीत. प्रवाह नॉर्मल असला तरी १ क्षेत्रफळाला ग्रेडियंट ४० च्या बराच खाली येतो. व्हॉल्व्ह आवळलेल्यांवर झालेल्या ‘सीज’ या औषध-चाचणीतल्या अशा रुग्णांचं विश्लेषण २०११ मध्ये आलं: ईएफ चांगला, क्षेत्रफळ कमी, ग्रेडियंट कमी. त्यांची वाटचाल मध्यम आजारवाल्यांसारखीच निघाली.

इकोवाली
डॉक्टर, सीजमधले रुग्ण बिनलक्षणाचे होते. लक्षणं असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. इथे बाई चढणीवर बसतायत. तो दाखला इथे लावू नका.

आणि वेगही चुकतो, तो मात्र बहुधा एकाच बाजूला. इकोचा बीम रक्ताच्या धारेला तिरका लागला की कमी येतो. छातीच्या उजव्या बाजूने, छोट्या पेन्सिल प्रोबने पाहिलं होतं का? घाईत सगळ्यात आधी तेच गाळलं जातं, हे मी रोज बघते.

साखळीकर, तुमच्या आकड्यांवरून एका ठोक्याला ४६ मिली रक्त बाहेर पडतं. शरीराच्या मानाने, म्हणजे अंगाच्या दर चौ. मीटर पृष्ठभागाला, ३४. ३५ च्या खाली तो कमी प्रवाह. ईएफ ६२ बघून फसू नका. भिंती जाड झाल्या, पोकळी लहान झाली की लहान पोकळीचे ६२ टक्के म्हणजे थोडंच रक्त. कॅनडातल्या क्यूबेकच्या पिबारो आणि मंडळींनी २००७ मध्ये मांडलेला प्रकार हाच. इकोच्या वेळी बीपी किती होतं?

साखळीकर
कोपऱ्यात लिहिलंय, १७२/९०.

इकोवाली
मग हा इको निकालाला धरूच नका. एवढ्या बीपीत प्रवाह आणि ग्रेडियंट दोन्ही पडतात. बीपी आटोक्यात आणून पुन्हा करा.

फोंड्याचा फिजिशियन
यावर भांडण नाही. पण तुमचे ३४ त्याच १८ मिमीवर उभे आहेत, ताई. २० धरा, ४१ च्या पुढे जातं आणि कमी प्रवाह गायब! दुसरं, दम व्हॉल्व्हचाच कशावरून? या वयात जाड भिंत म्हटली की अमायलॉइडही (हृदयाच्या भिंतीत प्रथिन साचण्याचा आजार) डोक्यात हवं. दोन्ही मनगटांचं कार्पल टनेल (नस दबून हाताला मुंग्या येणं) झालंय का, भिंत जाड असून ईसीजीत व्होल्टेज कमी आहे का, एवढं तरी विचारा.

सत्तरीतला
डोब्युटामाइन (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) देऊन इको करतात ना? तो करून टाका.

इकोवाली
तो मुख्यतः दुबळ्या हृदयासाठी, ईएफ ५० च्या खाली असेल तेव्हा. औषधाने प्रवाह वाढवला की खरा आवळलेला व्हॉल्व्ह तसाच राहतो, वेग ४ वर जातो. खोटा असेल, म्हणजे जोर कमी म्हणून नुसता अरुंद दिसत असेल, तर तोंड १ च्या वर उघडतं. इथे पोकळीच लहान, फारसा उपयोग नाही. इथे सीटीवर व्हॉल्व्हमध्ये साचलेलं कॅल्शियम मोजायचं, जास्त निघालं तर आजार गंभीर. डाय लागत नाही, प्रवाहाशी संबंध नाही.

म्हापसेकर
आणि गंभीर निघालं तर? ७८ व्या वर्षी छाती उघडणार? टावी (छाती न उघडता नळीतून व्हॉल्व्ह बसवणं) म्हणाल, तर गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विम्याच्या कार्डावर तीन माणसांपर्यंतच्या घराला २.५ लाख, मोठ्या घराला ४ लाख. नुसता व्हॉल्व्हही त्यात बसत नाही. गोळ्या द्या आणि म्हातारीला सुखाने राहू द्या.

इकोवाली
व्हॉल्व्ह उघडणारी गोळी अजून निघालेली नाही. पैशाचं म्हणणं खरं आहे, पण ते निदानानंतर. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आधी विचारून घ्या. खर्च परवडत नाही म्हणून आजार ‘मॉडरेट’ होत नाही.

फोंड्याचा फिजिशियन
कॅल्शियमला माझीही हरकत नाही. पुरुषांची २००० कॅल्शियम-गुणांची रेघ मात्र लावू नका. बायकांना १२००, त्यांच्या व्हॉल्व्हमध्ये चुना कमी आणि तंतू जास्त असतात. १२०० च्या खाली आला तर माझं म्हणणं मान्य?

इकोवाली
८०० च्या खाली आला तर मान्य. ८०० ते १२०० च्या मधे आला तर व्यास सीटीवरून घेऊन सगळा हिशेब नव्याने करू, आणि तेव्हा तुमचे २० मिमी खरे की माझे १८ तेही कळेल.

साखळीकर
बीपीची गोळी आजपासून बदलली आहे. आकडे आले की इथेच टाकतो.